एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै

माझ्या बी.ए.च्या पदवीची नेमकी किंमत मला आयुष्यात एकाच माणसाने सांगितली, आणि तीही पहिल्या भेटीत, ओट्यावर बसून पान लावता लावता.

"अर्थशास्त्र? म्हंजे पैशाचं शास्तर?"

"हो."

"कोनत्या क्लासात?"

मी आवाज जरा खाली आणून 'थर्ड' म्हणालो.

"मंग बट्टा कापून सांगत जा, मास्तर," असं म्हणून त्यांनी पान तोंडात टाकलं आणि मला खोली दाखवायला उठले.

बट्टा म्हणजे एक नाणं घेऊन दुसरं देताना कापतात तो पैसा, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नागपूरच्या कॉलेजात चार वर्षं मी विलायतेच्या पौंडाबद्दल परीक्षकाला पुरेल इतकं शिकलो होतो, पण वर्धा नदीच्या काठी, चांदा जिल्ह्यातल्या एका गावी मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा समोरच्या काठावर कोणतं नाणं चालतं याचा मला पत्ता नव्हता. तेव्हा जिल्हा एकच, चांदा. चंद्रपूर हे नाव आणि गडचिरोलीची वाटणी पुष्कळ नंतरची.

नदीच्या अलीकडे कलदार, म्हणजे आपला हिंदुस्थान सरकारचा रुपया. पलीकडे राजुऱ्यापासून थेट हैदराबादेपर्यंत निजामाचा मुलूख आणि त्याचा स्वतःचा रुपया, हाली सिक्का. त्यावर चारमिनारचं चित्र. निजामाचं राज्य गेलं तरी नाणं लगेच गेलं नाही, काही वर्षं रेंगाळलं. सात हाली द्यावे तेव्हा सहा कलदार मिळत. शंभर कलदारचे हाली करायचे तर एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै. डोंग्यात बसून दहा मिनिटांत नदी ओलांडली की रुपयाचा रुपया राहत नसे.

या दोन रुपयांच्या मधोमध माझे घरमालक चाळीस वर्षं बसले. घाटावर करंजाच्या झाडाखाली सतरंजी, पुढे एक काळा गुळगुळीत दगड आणि एक पाटी. डोंग्यातून उतरणाऱ्याचे हाली घेऊन कलदार द्यायचे, चढणाऱ्याचे कलदार घेऊन हाली द्यायचे. सगळा गाव त्यांना चाचा म्हणे, म्हणून मीही चाचाच म्हणू लागलो. उन्हाळ्यात चांद्याचं ऊन कसं असतं ते ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक, पण त्या उन्हातही चाचांच्या अंगात काळी शेरवानी असायचीच. "भाव सांगनारा मानूस उघडा बसला तर लोकाईले भाव बी उघडा वाटते," हे त्यांचं कारण.

खोलीचं भाडं त्यांनी सात रुपये सांगितलं. मी नागपूरचा, घासाघीस केल्याशिवाय घर घेणं आमच्या रक्तात नाही. मी म्हणालो, "साडेसहा."

"हाली का कलदार?"

मला शब्द कळला नाही, पण न कळलेलं कळल्यासारखं दाखवणं ही पदवीधराची पहिली विद्या. मी छाती काढून म्हणालो, "कलदार!"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. मी आठ आणे वाचवल्याच्या आनंदात घरी पत्र लिहिलं. सात रुपये त्यांनी हालीतले मागितले होते, म्हणजे कलदार सहा. आणि मी घासाघीस करून ते साडेसहावर नेले होते. पुढे चार-पाच महिने मला दर पहिल्या आठवड्यात कंदिलाच्या कोनाड्यात आठ आण्यांची अधेली सापडायची. आपण किती विसराळू, आणि किती नशीबवान, असं वाटून मी त्याची मिठाई खाई. भाड्यावर दिलेले जास्तीचे आठ आणे चाचा गुपचूप परत ठेवतात हे मला चाचींनी सांगितलं, तेव्हा मी विनिमयाच्या सिद्धांतावर सातवीच्या पोरांना व्याख्यान देऊन नुकताच घरी आलो होतो.

'हाली का कलदार' हा प्रश्न ते फक्त पैशाबद्दल विचारत नसत. स्टेशनवर मी त्यांच्याबरोबर उभा होतो. माजरीकडून येणारी गाडी अर्ध्या तासात येते, असं स्टेशनमास्तरने सांगितलं. चाचा माझ्याकडे वळले. "हालीतला अर्धा तास. म्हंजे पस्तीस मिनिट." गाडी सव्वा तासाने आली. चाचांनी गंभीरपणे स्टेशनमास्तरचा बट्टा वाढवला. गावातल्या प्रत्येकाच्या शब्दाला त्यांच्याकडे भाव होता, आणि तो बदलता होता. डोंगेवाल्या ढिवराचा शब्द बरोबरीत, ना बट्टा ना काही. वैद्यांचा शंभराला एकशे तीस. निवडणुकीच्या वेळी एकाने सभेत नदीवर पूल बांधण्याचं वचन दिलं, तर चाचा सभेतूनच ओरडले, "शंभराले सातशे!" लोकांना वाटलं ते मतं मोजून राहिले.

सरकारने हाली आणि कलदारचा भाव कायद्याने बांधून टाकला तेव्हा चाचांचा धंदाच गेला. आधी भाव रोज हलायचा. पलीकडे कापूस निघाला की हालीची ओढ लागे, शंभर कलदारला एकशे पंधराच मिळत. पावसाळ्यात बाजार बसला की एकशे अठराही मिळत. नाणं ओळखायला दगड लागतो, भाव ओळखायला चाचा लागत. आता दोन्ही काठांवर एकच आकडा, आणि तो तहसिलीच्या भिंतीवर छापून लावलेला. तरी चाचा रोज सकाळी शेरवानी घालून घाटावर जात आणि पाटीवर खडूने लिहीत: ११६–१०–८.

"चाचा, रोज तोच आकडा आहे. मग रोज पुसून पुन्हा कशाला लिहिता?" मी विचारलं.

"काल होता म्हनून आज असंन काय?" ते म्हणाले. "मास्तर, तुमी रोज पोट्ट्याईची हजरी घेता ना? मेलं तर नाई ना कोनी, हे पाहाले?"

मी हसलो. त्या काळी मी पुष्कळ हसत असे, आणि बहुतेक वेळा नको तिथे.

नागपूरच्या एका मासिकात लेख छापून आणायचा, हे माझं तेव्हाचं स्वप्न. विषयही ठरवला होता: 'हाली व कलदार यांच्या विनिमय-दराचा इतिहास'. साधनं म्हणून मी दोन इंग्रजी अहवाल मागवले, ते सहा महिने आले नाहीत. चाचींना माझी दया आली असावी. त्यांनी कपाटातून लाल कापडात बांधलेल्या वह्यांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. चाळीस वर्षांचे भाव होते. रोजचे. एका ओळीत तारीख आणि आकडा, बाकी काही नाही. ज्या इतिहासासाठी मी नागपूरला पत्रं पाठवत होतो तो माझ्या उशापासून दहा हातांवर पडला होता.

मी वह्या उतरवू लागलो. चाचा शेजारी बसून आकड्यांमागचं सांगत. "हे एकशे सोळा चौदा आने, ह्या दिवशी आमचा निकाह झाला राजुऱ्याले. हे एकशे अठरा, महापूर आला तो. हे एकशे पंधरा दोन आने, अब्बा गेले." मी ते काही टिपून घेतलं नाही. शास्त्रीय लेखात अब्बा कुठे बसवायचे? मला आकडे हवे होते. आणि आकडे पाहता पाहता मला एके ठिकाणी, एका श्रावणात, तारीख दिसली आणि तिच्यापुढे कोरी जागा.

"चाचा, हा दिवस गाळलात," मी तपासनिसाच्या आवाजात म्हणालो. "मालिका तुटते अशाने. त्या दिवशी भाव काय होता?"

"पाहालेच गेलो नाई."

"का?"

"पोरगी गेली आमची त्या दिवशी," ते म्हणाले. "साडेतीन वर्साची होती."

मी काय करावं? मी खरंच 'अस्सं' म्हणालो आणि त्या जागी दोन बाजूंच्या आकड्यांची सरासरी मांडली. ती सरासरी आठवली की आजही मला माझा हात कापून टाकावासा वाटतो. लेख पुढे परत आला. संपादकांनी लिहिलं होतं, विषय वाचकांच्या जिव्हाळ्याचा नाही.

चाची पलीकडच्या, राजुऱ्याच्या. ठेंगण्या, तोंडाने फटकळ, आणि गावातल्या कुणाच्याही घरी बाळंतपणाला बोलावल्याशिवाय हजर. निकाहाच्या वेळी नवऱ्याने बायकोला मेहर कबूल करायचा असतो, म्हणजे तिच्या हक्काची रक्कम. चाचांनी कबूल केला होता सातशे रुपये सिक्का हाली. पुष्कळ घरांत तो कागदावरच राहतो आणि बायका नवऱ्याला तो माफ करून टाकतात. चाचींनी माफ केला नव्हता. दर ईदला कुणीतरी बुजुर्ग बाई विषय काढी, "आता म्हातारपनी तरी माफ कर ना व!" आणि चाची भाकरी थापता थापता म्हणत, "माफ करनार नाई. लेईन त हालीतच लेईन. कबूल हालीत केलं हाय."

गाव त्यांना हावरट म्हणे. मीही म्हटलंय, मनातल्या मनात. कलदार सहाशे घ्या, नाहीतर सोडा. नाणं बदलून देणाऱ्याच्या बायकोने नाण्यासाठी अडून बसावं?

पण चाचांनी इतक्या वर्षांत तो दिला का नाही? हे मला डोंगेवाल्या ढिवराने सांगितलं. आधी पैसा नव्हता. मग पैसा आला तेव्हा चाचा भावाला थांबले. "एकशे अठरा झाला तं म्हनते, एकशे वीस होऊ दे. एकशे वीस झालाच नाई. बायकोचं देनं आनि भाव पाहून राह्यला हा मानूस!" ढिवर हसला. मग वल्हं थांबवून म्हणाला, "अठ्ठेचाळीस साली मातर भाव पडला, मास्तर. असा पडला का बस."

त्या साली निजामाचं राज्य कोसळलं, आणि पलीकडून माणसं जीव घेऊन येत होती, आधी एका जातीची, मग दुसऱ्या. कमरेला बांधलेले हाली, आणि इकडे ते कुणी घेईना. घाटावरचे बाकीचे बदलणारे शंभर कलदारला दोनशे हाली मागू लागले, अडीचशे मागू लागले. चाचांनी पाटीवर लिहिलं ११६–१०–८, आणि आठ दिवस तो आकडा पुसला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडचे कलदार संपले. चाचींनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या, त्या गहाण टाकून चाचा पुन्हा झाडाखाली बसले. शेवटी घरात हालीचा ढीग झाला. "ढिगातले सातशे काढून घे, आज फिटते," असं चाचा म्हणाले. चाची म्हणाल्या, "हे नको. याले लोकाईचं रडनं लागलं हाय." ढीग पुढे सगळा सरकारात भरला, पाटल्या सोडवल्या, मेहर तसाच राहिला.

 

मग दवंडी आली. अमुक तारखेनंतर हाली सिक्का बंद. ज्याच्याकडे असेल त्याने त्याआधी तहसिलीत देऊन कलदार घ्यावे. चाचा त्या दिवशी घाटावरून लवकर आले, माझ्या खोलीत शिरले आणि दार लोटून घेतलं.

"मास्तर, सिक्का चालते तोवरच मेहर. बंद पडला का मंग तो सिक्का नाई, नुसता धातू. बायकोले धातू देऊ काय?"

पाटल्या सोडवण्यात आणि धंदा बसल्यावर घरखर्चात घरातले हाली कधीच संपले होते. आता सातशे हाली पुन्हा गोळा करायचे, तेही नोटा नाही, खणखणीत चारमिनारवाले, आणि चाचींना कळू न देता. ठेवायचे कुठे? माझ्या ट्रंकेत, अर्थशास्त्राच्या वह्यांखाली. तिथे कुणाचा हात जात नाही हे त्यांनी ताडलं होतं. माझाही जात नसे.

सहा महिने ते हाली वेचत होते. लोक तहसिलीकडे निघाले की हे वाटेत गाठत, पूर्ण भाव देत. संध्याकाळी माझ्या उंबऱ्याच्या दगडावर एकेक नाणं वाजवून पाहत आणि ट्रंकेत टाकत. पावसाळा आला तेव्हा सहाशे अठ्ठावन झाले होते. बेचाळीस कमी. आणि आता कुणाकडे हाली उरलेच नव्हते. आपल्याकडच्या माणसांनी केव्हाच बदलून घेतले होते.

"अहेरीच्या पुढे जंगलात भेटन," चाचा म्हणाले. "त्याईच्याकडे दवंडी पोचतच नाई. मी जातो. सांगतो बी त्याईले, आनि घेऊन बी येतो." पावसाळ्यात तिकडे नाले भरले की गावंच्या गावं तुटतात, भामरागडची माणसं तर चार महिने कुणाला दिसत नाहीत. मी तसं म्हटलं. "आखरी दिवसाच्या चार रोज आधी येतो," असं सांगून ते लाकडाच्या ट्रकवर बसून गेले. चाचींना सांगितलं, जुन्या दोस्ताकडे चाललो.

चार रोज आधी ते आले नाहीत. दोन रोज आधीही नाहीत. आखरी दिवस उजाडला.

आता माझी करामत ऐका. सकाळपासून मी ट्रंकेसमोर बसलो होतो. सूर्य मावळला की या ट्रंकेतल्या सहाशे अठ्ठावन रुपयांचा धातू होणार होता. चाचींना विचारता येत नव्हतं, शब्द दिला होता. आणि डोक्यात ते थर्ड क्लासचं अर्थशास्त्र जागं झालं. चलन मेलं की त्याची किंमत शून्य. आज बदललं तर पाचशे चौसष्ट कलदार, उद्या काहीच नाही. चाचा बिचारे पुरात अडकले, त्यांची जन्माची पुंजी बुडते आहे, आणि गावात ती वाचवू शकणारा सुशिक्षित माणूस एकच. मेहर हालीतच द्यायचा होता, हे मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण ते मला म्हातारा-म्हातारीचं खूळ वाटलं, आणि पाचशे चौसष्ट हा आकडा वाटला.

मी दोन पिशव्या दोन्ही खांद्यांवर टाकल्या, आठ-नऊ शेर वजन, आणि डोंग्यात बसलो. नदी नुकती ओसरलेली, पाणी अजून लाल. ढिवराने विचारलं, "मास्तर, येवढं काय?" मी वीरासारखा गप्प राहिलो. राजुऱ्याच्या तहसिलीत तीन तास रांगेत उभा राहिलो, कारकुनाने एकेक नाणं वाजवलं, आणि पूर्ण भावाने, एक पैही न सोडता, मी नोटा घेऊन परत आलो. येताना मी डोंग्यात शीळ घालत होतो.

उन्हं कलती झाली होती. अंगणात चाचा उभे होते. गुडघ्यापर्यंत चिखल, शेरवानी अंगाला चिकटलेली, दाढी वाढलेली. नाल्यांनी तीन दिवस अडवलं होतं, शेवटचे सोळा मैल ते पायी आले होते. त्यांनी कमरेचा पैशांचा कसा सोडला आणि माझ्यापुढे धरला. "बेचाळीस! मिळाले, मास्तर! चला, काढा ट्रंक. दिवस हाय अजून."

मी खिशातून नोटा काढल्या. "चाचा, काळजी नको. मी वाचवले. सगळे बदलून आणले."

त्यांनी नोटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "भाव काय लागला?"

"पुरा! एकशे सोळा, दहा, आठ!"

"चांगला लागला," ते म्हणाले, आणि माझ्या उंबऱ्यावर खाली बसले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला तेव्हा कळलं. सूर्य मावळायला अर्धा तास होता, आणि पृथ्वीवर कुठेही सहाशे अठ्ठावन हाली आता मिळणार नव्हते. चाळीस वर्षांचा शब्द पुरा व्हायला आला होता आणि मी तो तहसिलीत मोजून देऊन आलो होतो. मी रडलो. उभ्याउभ्या, पोरांसारखा.

चाची आतून आल्या. "काऊन रडून राह्यले मास्तर?"

 त्यांनी नोटा पाहिल्या, चिखल पाहिला, चाचांच्या हातातला कसा पाहिला. "सहा महिने मास्तरच्या खोलीतून टन टन ऐकू येऊन राह्यलं," त्या म्हणाल्या. "मले काय वाटलं, मास्तर संध्याकाळी पूजा करते? किती हाय ते?"

"बेचाळीस," चाचा म्हणाले.

"मंग बेचाळीस द्या. दिवस बुडाला का ते बी चालनार नाई."

त्यांनी पदर पसरला. चाचा उंबऱ्यावर सरकून बसले. एकेक नाणं दगडावर वाजवून त्यांनी चाचींच्या पदरात टाकलं. घाई केली नाही. शेवटचं टाकलं तेव्हा भिंतीवरचं ऊन गेलं होतं.

"बेचाळीस पोचले," चाचा म्हणाले. "सहाशे अठ्ठावन बाकी."

"मोजता येते मले."

"हे पाचशे चौसष्ट कलदार आहेत, ते घ्या ना," मी म्हणालो. सुधारणा झाली नव्हती माझी.

"ते तुमची करनी. त्यातून कौलं फिरवा, तुमच्याच खोलीत गळते," चाची म्हणाल्या. मग जाता जाता थांबल्या. "तुमी चोरी नाई केली, मास्तर. भलं कराले गेले. भलं करतानी बी भाव इचारावा, बापा. चला, जेवाले."

उरलेल्या पावसाळ्यात माझ्या खोलीत एक थेंब गळला नाही. रात्री पाऊस लागला की मी कोरड्या अंथरुणात पडून जागा राहत असे.

त्यानंतर चाचांनी पाटी लिहिली नाही. घाटावर मात्र जात. कधी कुणी जुन्या गाडग्यातले चारमिनारवाले रुपये आणून दाखवी, "घ्या चाचा, तुमच्या मेहराले," म्हणे. चाचा दगडावर वाजवून परत देत. "आवाज चांगला हाय. पन हा आता पैसा नाई." मला त्यांनी कधी दोष दिला नाही. एकदाच, बोलता बोलता म्हणाले, "आता वर जाऊनच बाकी देईन म्हनतो." हसत म्हणाले होते, पण मी हसलो नाही.

तीन हिवाळ्यांनंतर ते गेले. माझी तोवर नागभीडला बदली झाली होती. निरोप मिळाला तसा पहिल्या गाडीने निघालो, पोचलो तेव्हा अंगणात जनाजा तयार होता. मी ढिवराशेजारी उभा राहिलो. जनाजा उचलण्याआधी एक बुजुर्ग दाराशी गेले. ही रीत मला ठाऊक होती.

"बाई," ते दाराआड पाहून म्हणाले, "मेहर माफ करून टाका. मयतीवर कर्ज नको."

 सगळं अंगण थांबलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ज्या बाईने तो शब्द तोंडातून काढला नव्हता ती आज काढणार होती, आणि काढावा लागणार होता तो माझ्यामुळे. सहाशे अठ्ठावन. मी खाली पाहत होतो.

"माफ नाई करत," चाची म्हणाल्या.

लोकांत कुजबुज झाली. बुजुर्ग समजुतीने काही बोलू लागले, तर आतून पुन्हा आवाज आला. घसा बसलेला, पण शब्द स्वच्छ.

"माफ कायले करू? पुरा पोचला मले. सातशे, सिक्का हाली, सिक्का चालू असतानी. मास्तरच्या उंबऱ्यावर मोजून देल्ले त्याईनं. विचारा मास्तरले, उभे असन तं."

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. बुजुर्गांनी विचारलं, "मास्तर, खरं हाय काय?"

"हो," मी म्हणालो. "पुरे सातशे. माझ्यासमोर वाजवून दिले."

मग त्यांनी जनाजा उचलला आणि मी पुढे होऊन खांदा दिला.